एकेचाळिसावा चेंडू

९ जून, सोमवार

एकेचाळीस!

माझ्या क्लिकरवर एकेचाळीस, वेगाच्या मशीनवर एकेचाळीस. पोरानं, म्हणजे तहानं, टाकले चाळीस. बादलीत चेंडूच चाळीस आहेत, मग एकेचाळिसावा आला कुठून?

पर्सी अंकल म्हणाले, "तुझा अंगठा स्लिप झाला असेल." असेल. पण मशीनला कुठे अंगठा आहे?

आणि मशीन म्हणतं त्या एका चेंडूचा वेग ताशी त्र्याण्णव मैल! बाकीचे सगळे ब्याऐंशी, त्र्याऐंशी. त्र्याण्णवचा चेंडू पकडला असता तर माझा तळवा अजून बोंबलत असता. काही नाही. गार आहे.

११ जून

ही वही पर्सी अंकलनीच दिलेली. "तहाचं रोज लिहून ठेव, मी इंग्लिश करून अमेरिकेला पाठवतो." एकदा दाखवली. माझं अक्षर बघून म्हणाले, "बाबा, तू तोंडीच सांग." म्हणजे वही आता माझी. कुणी वाचणार नाही ते बरं.

काम सोपं आहे. बसायचं आणि पकडायचं. गावी, गिरीजला, टेनिस बॉलच्या टूर्नामेंटमध्ये कीपर होतो, तेवढ्यावर पर्सी अंकलनी गोदामातून उचलून इथं बसवला — ते आमच्याच वसईचे, इथं शारजात या शेडचे मॅनेजर. अर्ध्या शेडमध्ये टायर, अर्ध्यात ही बेसबॉलची ॲकॅडमी. डाव्या हातात मोठा ग्लव्ह. उजवा हात पाठीमागे, नाहीतर बोटं मोडतात. त्या उजव्या हातात क्लिकर. ग्लव्हमध्ये नाहीतर मागच्या जाळीत ठप् झालं की अंगठा दाबतो. बघायला पण लागत नाही आता. दिवसाला चाळीसच, अमेरिकेतल्या कोचचा हुकूम! जास्त टाकले तर पोराचा हात जातो.

तहा एकोणीस वर्षांचा. जन्म शारजातला, पासपोर्ट पाकिस्तानचा. बापाची नोकरी संपली, ऑगस्टच्या शेवटी सगळं घर सियालकोटला. "मैंने सियालकोट दो बार देखा है भाई, दोनों बार पेट खराब हुआ." हसतो, पण डोळे हसत नाहीत.

वीस जुलैला अमेरिकेचा कोच येणार. तिथं मोठ्या टीमच्या खाली छोट्या लीगच्या टीम असतात, कच्ची पोरं तिथं ठेवतात, पिकली की वर काढतात. तसल्या एका टीममध्ये एक जागा. तहा पसंत पडला तर तिकडे. नाही पडला तर सियालकोट. आणि एकही पोरगा गेला नाही तर ॲकॅडमी खलास, मी परत टायरमध्ये.

शेड आधी मासळीचं कोल्ड स्टोरेज होती. भिंतींना जाड पांढरे पॅनल. आवाज घुमतच नाही. बोललं की शब्द तोंडासमोरच पडतो.

१४ जून

आज बरोबर चाळीस. बरं वाटलं.

१६ जून

बेचाळीस.

आता घाबरायला होतंय. आज मी लक्ष देऊन ऐकलं. माझ्या ग्लव्हचा आवाज मला माहीत आहे, कानाजवळ येतो, जाड. पण आज दोन वेळा ठप् झालं ते लांबून. तहाच्या बाजूनं. उलट्या दिशेनं! आणि अंगठ्यानं दाबलं पण.

दोन्ही वेळा ग्लव्ह खाली पडलेला. घामानं सटकतो वाटतं. पट्टा आवळून घेतला पाहिजे.

मशीन : त्र्याण्णव, चौऱ्याण्णव.

तहाला विचारलं, "तूने अभी कुछ फेंका?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नहीं भाई. तू बैठ." चेंडू गोळा केले तर बादलीत अडतीस. दोन तहाच्या हातात. आणून हळूच टाकले.

२० जून

पर्सी अंकलनी रिपोर्टमध्ये चौऱ्याण्णव लिहून पाठवला! अमेरिकेहून कोचचा मेसेज — चार उद्गारचिन्हं.

मी म्हटलं, अंकल, चौऱ्याण्णवचा एकपण आलेला नाही. माझ्या हाताला माहीत आहे. तहा पंच्याऐंशीच्या वर जात नाही.

"डीन, मशीन केवढ्याचं आहे माहिती? चार हजार दिरम. पंच्याण्णव हजार रुपये! तुझा हात केवढ्याचा आहे?"

मग जवळ येऊन — "ए बाबा, पोराचं भलं होतंय. तुला काय त्रास?"

मला त्रास असा, की जे आलंच नाही ते मी पकडलं कसं?

बाहेर तहा बसच्या सावलीत उभा होता. त्याला चौऱ्याण्णवचं सांगितलं. उड्या मारेल वाटलं. त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "शुक्रिया भाई." मला कशाला शुक्रिया?

२२ जून, रविवार

सकाळी चर्चला मिसा. डोकं जरा शांत झालं. आज खरं काय ते लिहितो, मशीन गेलं खड्ड्यात.

वेग : जानेवारीत अठ्ठ्याहत्तर होता, आता पंच्याऐंशी. सहा महिन्यांत सात मैल, कमी नाही. खाऊनपिऊन अजून चार वाढतील.

नेम : आधी चाळीसातले पंधरा माझ्या ग्लव्हपर्यंत यायचे, बाकीचे जाळीत. आता तीस येतात.

पाय : आधी पुढचा पाय आडवा पडायचा, खांदा आधीच उघडायचा, चेंडू हातातून लवकर सुटायचा. रोज ओरडतो — पाय सरळ, खांदा बंद ठेव, उशिरा सोड, अजून उशिरा! आठ दिवसांनी ऐकतो. मग परत विसरतो.

पण एक गोष्ट त्याच्याकडे आहे, ती शिकवून येत नाही. त्याचा चेंडू शेवटच्या हातभर अंतरात खाली बसतो. मी ग्लव्ह गुडघ्यावर धरतो आणि तो नडगीवर येतो. आणि चुकला तर तोंड पाडत नाही. पुढचा चेंडू मागतो.

हा पोरगा होणार. आज नाही, दोन वर्षांनी. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचं खोटं त्याला लागतच नाही. पण पंच्याऐंशीवाल्याला दोन वर्षं कोण थांबणार? हे रिपोर्टच्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं?

२६ जून

त्रेचाळीस. तीनदा ग्लव्ह खाली.

दुपारी तहाच्या अम्मीनं, जहांआरा आंटीनं, किमा आणि पराठे पाठवले होते. पुठ्ठ्यावर बसून जेवलो. घास घेतला आणि तहानं हात धरला माझा. "भाई, उल्टा हाथ!"

बघतो तर डाव्या हातात घास. कळलंच नाही. लाज वाटली.

मग सांगितलं त्याला. मी जन्माचा डावखुरा. डाव्यानं खायचो, डाव्यानं दगड मारायचो, आमच्या चिकूच्या झाडावरचं कुठलंही फळ एका दगडात. आई फार चिडायची. क्रूस कुणी डाव्या हातानं काढतं का? चर्चमध्ये बायका बघतात! फर्स्ट कम्युनियनच्या वर्षी, मी आठ वर्षांचा, तिनं काय केलं — दर शनिवारी रात्री केळीच्या सोपटाच्या दोरीनं माझा डावा हात खाटेच्या पायाला बांधायची. रात्रभर बांधला की रविवारी दिवसभर शहाणा राहतो म्हणायची. गाठ मारून सोपटाचं टोक उलटं आत खोचायची, म्हणजे दातांनी पण सुटत नाही. वर्षभर. मग लागली सवय उजव्याची. अक्षर तेवढं बिघडलं ते बिघडलं.

तहा हसला नाही. माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिला. म्हणाला, "उसको बुरा नहीं लगा?"

कुणाला, आईला?

"नहीं. उसको." आणि हाताकडे बोट दाखवलं.

१ जुलै

तहा बर्फ लावून बसला होता. पिशवी पाच दिरमची, म्हणजे एकशेवीस रुपयांचं पाणी! पण लावला कुठे, तर डाव्या हाताला. टाकतो उजव्यानं, खांदा दुखायला पाहिजे उजवा. मी म्हटलं, "अरे पागल, गलत हाथ पे लगाया है." म्हणाला, "सही पे लगाया है."

तळवा दाखवला. जांभळा. अंगठ्याखाली टम्म सुजलेला. असा तळवा पकडणाऱ्याचा होतो. माझा होतो. त्यानं कुणाचं पकडलं?

विचारलं तर म्हणे दरवाजात सापडला.

५ जुलै

माझा डावा खांदा भरून आलाय. पकडून तळवा दुखतो, खांदा कशाला दुखेल? वर करता येत नाही.

रूममध्ये माझ्या वरच्या बेडवर फिरदोस झोपतो, बिहारचा इलेक्ट्रिशियन. म्हणाला, "डीन, तू नींद में क्या ढूँढता है? तेरा बायाँ हाथ पूरी रात दीवार टटोलता है. बाकी तू मुर्दे जैसा पड़ा रहता है."

त्याला म्हटलं, मग तू खाली नको बघूस.

"मैं नहीं देखता. सुनाई देता है."

९ जुलै

शेहेचाळीस! सहा वेळा. मशीन : पंच्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव...

म्हणजे हे वाढतंय. तहा दोन आठवडे पंच्याऐंशी-शहाऐंशीवर अडकलाय आणि हे जे काय आहे ते दर आठवड्याला वर चढतंय. एखादं पोरगं तयार होतं तसं.

कोचला व्हिडिओ पाहिजे. उद्या पर्सी अंकल तहाच्या मागे मोबाईल लावणार. ठीक. कळेल तरी.

तहा बाहेर येऊन म्हणाला, "भाई, कल मत करना. कैमरा है."

काय मत करना?

त्याला वाटलं मी मस्करी करतोय.

१० जुलै

कळलं.

व्हिडिओत तहाचा तेविसावा चेंडू. मी पकडतो. बादलीत टाकायला हवा, टाकत नाही. माझी मान पुढे लोंबते, बसल्या बसल्या झोप लागल्यासारखी. ग्लव्ह डाव्या हातातून गळून पडतो, चेंडू त्याच हातात राहतो. उजवा हात पाठीमागेच आहे, क्लिकर धरून, हलत पण नाही. मी उठतो. डोळे मिटलेले. डावा हात मागे जातो, पाय पडतो, आणि चेंडू सुटतो. व्हिडिओत चेंडू दिसतच नाही. तहा ग्लव्ह तोंडासमोर धरतो, ठप्, दोन पावलं मागे जातो. मग मी खाली बसतो. मान वर येते. अंगठा दाबला जातो. ग्लव्ह खाली पडलेला बघून मी तोंड वाकडं करतो.

शहाण्णव. मशीनला काय, येणारा काय आणि जाणारा काय. ते दोन्ही मोजतं.

मी सात वेळा बघितला. आठव्यांदा पकडणाऱ्याच्या नजरेनं बघितला. पुढचा पाय सरळ. खांदा बंद, शेवटपर्यंत बंद. चेंडू उशिरा, अगदी उशिरा सुटतो. जे मी सहा महिने तहाला ओरडून सांगतोय ते सगळं! तहाला सांगत होतो मी. ऐकत होता हा डावा. ग्लव्हच्या आत बसून.

तहा रडला. म्हणाला, "भाई, मैंने समझा तू मेरे लिए फेंक रहा है. रिपोर्ट में नंबर आए इसलिए. मैं चुप रहा. हाथ फूल गया फिर भी चुप रहा."

डोळे मिटलेले दिसले नाहीत तुला?

"दिखे. मैंने सोचा तुझे शर्म आ रही है."

 पर्सी अंकलनी तर न बघताच व्हिडिओ पुढे पाठवून दिला होता.

११ जुलै, शुक्रवार

सुट्टी. तहा आणि मी दोघेच शेडमध्ये. म्हटलं जागेपणी टाकून बघतो. डाव्या हातात चेंडू घेतला. बोटांना कळेना कसा धरायचा. टाकला तो तीन हातांवर पडला आणि घरंगळत टायरखाली गेला. दुसरा माझ्याच पायावर. दहा टाकले. लहान मुलीसारखे. तहा म्हणाला, "छोड़ भाई, ये तू नहीं है."

मग कोण आहे?

उरलेले चेंडू आम्ही उचलले. एक सापडला नाही.

१४ जुलै

अमेरिकेहून कोचचा मेसेज. पर्सी अंकलनी वाचून दाखवला, दोनदा. तहाबद्दल एक ओळ : चांगला आहे, अजून कच्चा, पुढच्या वर्षी बघू. मग — तो खाली बसलेला डावखुरा कोण? रविवारी मला तोच बघायचाय.

"डीन!" अंकलनी मिठीच मारली. "आपल्या वसईचा पोरगा! तुझ्या आईला फोन कर!"

मी म्हटलं, अंकल, ते मी टाकत नाही.

"मग कोण टाकतं? होली स्पिरिट? एक तिकीट आहे बाबा. कोण बसतो त्याच्याशी मला काय. तू बस."

तहा दारात उभा होता. ऐकलं त्यानं. मुबारक म्हणाला. पुढचं वर्ष कुठलं? पुढच्या वर्षी तो शारजात नाहीच.

१६ जुलै

माझ्या उशीखाली चेंडू होता. शुक्रवारी हरवलेला.

१९ जुलै, शनिवार

ठरवलं.

उद्या दहा वाजता कोच. तहा त्याचे चाळीस टाकणार, मी पकडणार, आणि त्या चाळीसात दुसरं काही होणार नाही. एकदा तरी कोचनं तहाचाच चेंडू बघावा. शेवटी खाली कसा बसतो, ते. मग मी स्वतः सांगणार. पर्सी अंकल इंग्लिश करोत न करोत, माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये सांगणार — दोन वर्षं द्या, पोरगा होणार. मी त्याचे हजारो चेंडू झेललेत, दुसऱ्या कुणाला माहीत असणार? तहाला कबूल केलंय. आज तो सत्त्याऐंशी टाकून गेला, एकदाच, पण गेला. जाताना म्हणाला, "भाई, तू पकड़ लेना. बस इतना."

राहिला तो डावा. बसल्या बसल्या परत मान पडली तर? कोच तेच बघायला येतोय. एक टाकला की तहा संपला.

आईला फोन केला. कोचचं काही सांगितलं नाही. सहज विचारलं, तू ती गाठ कशी मारायचीस गं? म्हणाली, "आता कशाला रे ते? मला नंतर वाईट वाटायचं. झोपेत हात ओढायचास तू." मग म्हणाली, "तू नाही. हातच ओढायचा." आणि गाठ सांगितली. टोक उलटं, आत.

सोपट इथं कुठलं मिळणार. बुटाची नाडी आहे. डावं मनगट बेडच्या लोखंडी पायाला बांधलंय, उजव्या हातानं आणि दातांनी. घट्ट आहे. दोनदा ओढून बघितलं. रात्रभर बांधला की दिवसभर शहाणा राहतो. वही उजव्या बाजूला ठेवतोय.

फिरदोसला सांगितलं, सकाळी सहाला उठवून सोड.

२० जुलै, रविवार

सहा वाजायचेत. नाडी सुटलेली नाही. गाठ तीच, टोक उलटं, आत खोचलेलं.

पण उजव्या मनगटावर आहे. अजून सोडलेली नाही, आणि हे लिहून झालं. अक्षर छान आलंय.